चावी घरातून घरात

रविवार, अठरा जानेवारी, सकाळ. ठिकाण कॉटन ग्रीनचं गोदाम. हजर: बाबलशेटच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू; इस्माईल मिस्त्री; दादरचे दातांचे डॉक्टर, जे गाडी घेणार होते; आणि मी. गैरहजर: स्वतः बाबलशेट. दिवाळीनंतर ते गेले. त्यांच्या गोदामात आता एकच गाडी उरली होती, माहीमची काळी. महिनाअखेर गोदाम पाडायला देणार आहेत. तोवर काळी कुणाच्या तरी घरी जायला हवी, नाहीतर ती रस्त्यावर येणार. आणि ती जाणार की नाही, हे सर्वस्वी काकूंवर होतं.

बाबलशेट असते तर एव्हाना त्यांनी गोदामाला दहा चकरा मारल्या असत्या. हा माणूस कधी बसलाच नाही. चहा उभ्याने, फोन चालताना, जेवणाचा डबा कुठल्या तरी गाडीच्या बॉनेटवर. "इंजिन गरम आसता, आमटी थंड होणा नाय," असं वर कारण. गोदामात त्यांच्या नावाची एक खुर्ची होती, तिच्यावर कायम जुनी बॅटरी ठेवलेली असायची. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "मी बसलंय काय म्हातारो झालंय म्हणान समज." त्यांची बैठक फक्त स्टिअरिंगच्या मागे. तिथेही एक पाय दाराबाहेर.

त्यांचा धंदा जुन्या गाड्यांचा. लांब नाकाच्या अमेरिकन, गोल पाठीच्या इंग्लिश, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज करणाऱ्या जर्मन. एकेकाळी श्रीमंतांनी हौसेने घेतलेल्या, मग मुलं परदेशी गेल्यावर ताडपत्रीखाली पडलेल्या. शेट त्या हेरायचे, इस्माईल मिस्त्रीकडून उठवायचे आणि योग्य माणसाला द्यायचे. पण गाडीला कंपनीच्या नावाने हाक मारलेली त्यांना खपायची नाही. "कंपनीचा नाव पत्र्यावर लिवलेला आसता, ता कोणाक पण वाचूक येता." गाडीचं नाव घरावरून. हिंदू कॉलनीतल्या बालरोगतज्ज्ञ बाईंची ती डॉक्टरीण. परळच्या सॉलिसिटरांची ती परळची वकील. मी परळला एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरी करते. एकदा दुपारी तिथूनच फोनवर मी इस्माईलला म्हणाले, "डॉक्टरीणबाई उठत नसतील तर मागून धक्का मार." शेजारच्या टेबलावरच्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेटच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं एक चुंबक असायचं. गाडी बघायला गेले की ते पत्र्यावरून हलक्या हाताने फिरवायचे. पत्रा खरा असेल तर चुंबक धरतं. कुजलेला भाग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वरून रंग मारून झाकला असेल तिथे ते सुटतं. पुढे पुढे ही सवय इतकी वाढली, की लग्नाला गेले तरी हॉलबाहेर उभ्या असलेल्या नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीवरून चुंबक फिरवून यायचे. माणसांबद्दलही तीच भाषा. गोड बोलणारा एखादा इसम भेटून गेला, की माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "चुंबक धरूक नाय."

गिऱ्हाइकाची परीक्षा मात्र चुंबकाने नाही, पायाने. गाडी दाखवण्याआधी ते त्याला गोदामातून स्टेशनपर्यंत आणि परत चालवत आणायचे. लोअर परळच्या एका टॉवरमधले साहेब आले होते. त्यांना परळची वकील पाहिजे होती.

"लॉबीत ठेवणार. काचेचं कपाट बनवून घेतोय," साहेब धापा टाकत म्हणाले.

"चालू कधी करणार?"

"चालू कशाला? पेट्रोलचा वास येतो, सोसायटीवाले बोंबलतात."

"मग फोटो घेऊन जावा साहेब. त्याला वास नाय," असं म्हणून शेट पुढे निघूनही गेले. साहेब रस्त्याच्या मधोमध. मागून मी त्यांना टॅक्सी करून दिली.

आता निरोपाच्या फेरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून आहे. व्यवहार ठरला, कागद झाले, तरी शेट गाडी लगेच हलवू द्यायचे नाहीत. आधी जुन्या मालकाच्या घरातल्या सगळ्यांनी तिच्यात बसायचं. रस्ता त्यांचा, पूर्वी जिथे जायचे तिथे जायचं. घेणाऱ्याने मागे, मधल्या जागेवर, गप्प बसायचं. परत आल्यावर डॅशबोर्डवरचा गणपती घरच्याच माणसाने काढायचा, आणि चावी आपल्या हाताने घेणाऱ्याच्या हातात द्यायची. शेट त्या वेळी चार पावलं लांब उभे असत, हात पाठीमागे बांधून. "चावी घरातसून घरात जाऊक व्हयी. मी मधे नाय. मी दलाल."

मी त्यांना भेटले ती अशाच फेरीत. गिरगावची निळी आमची होती. मी तिच्यावरच गाडी शिकले. बाबांना डोळ्यांनी दिसेना, मला परळहून येऊन ती सांभाळणं होईना, म्हणून विकायची ठरली. फेरी चौपाटीपर्यंत झाली. परत आल्यावर बाबा गाडीतून उतरून सरळ जिना चढून गेले, म्हणून गणपती मी काढला आणि चावी मी दिली. त्याबरोबर एक यादीही दिली: जॅक, पाना, स्टेपनी, मागच्या काचेची जाळी, डावं दार कसं लावायचं त्याची सूचना. घेणाऱ्याने ती न बघता खिशात घातली. शेटनी ती त्याच्या खिशातून काढून पूर्ण वाचली.

"शनिवारी काय करतंस?" त्यांनी मला विचारलं.

"धुणं."

"मशीन घे. माझे आरटीओचे कागद कोण बघणारा नाय."

तेव्हापासून मी शनिवारची त्यांची यादीबाय. गाडी नावावर करणं, विमा, ना-हरकत दाखला, ही माझी कामं. मला मोकळ्या हाताने बसवत नाही. शेटना मुळातच बसवत नव्हतं. आमचं बरं जमलं. फक्त त्यांच्याबरोबर रस्त्याने जाताना कुठे निळा पत्रा दिसला, की माझी मान आपोआप वळायची. ते बघायचे आणि चालण्याचा वेग वाढवायचे. एकदाच म्हणाले, "ती नाशकाक आसा. बरी आसा." मी विचारलं नव्हतं.

गाडी गेली, की गोदामात तिची जागा रिकामी पडायची. ती रिकामी जागा शेटना बघवायची नाही. लगेच तिथे एक बादली आणून ठेवायचे, नवी गाडी येईपर्यंत. इस्माईल वैतागायचा. "सेठ, रात को मैं उसमें पाँव डालता हूँ!" तरी बादली तिथेच.

माहीमची काळी आली ती एका निवृत्त गुरुजींकडून. गुरुजी एकटे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. फेरीच्या दिवशी मागच्या सीटवर पुण्याचा घेणारा अंग चोरून बसला, गुरुजी स्टिअरिंगवर बसले, आणि निघेचनात. शेजारची सीट बायकोची. ती रिकामी घेऊन ते कधी कुठे गेले नव्हते. शेट फुटपाथवर येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी काकूंना फोन लावला. काकू लालबागच्या, तेव्हा नेमक्या माहीमच्या बाजारात मासळीला आलेल्या. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या एकाही गाडीत त्या बसल्या नव्हत्या. "गिऱ्हाइकाचो माल" म्हणून शेटनीच त्यांना कधी बसवलं नव्हतं. त्या बांगड्यांची पिशवी पायाशी ठेवून गुरुजींच्या शेजारी बसल्या. शिवाजी पार्कला एक वळसा झाला. परत आल्यावर त्यांनी गणपती काढला, चावी काढली आणि शेजारी वळून काकूंच्या हातात ठेवली.

"सांभाळा," म्हणाले.

"होय," काकू म्हणाल्या. कुणी सांभाळा म्हटलं तर दुसरं काय म्हणायचं?

"अहो, घेणारा मी आहे! मी!" मागून पुणेकर ओरडले.

मी पुढे झाले. "शेट, गुरुजींची गफलत झाली. काकूंकडून चावी घ्या आणि यांना द्या. अर्ध्या मिनिटाचं काम."

शेट हलले नाहीत. त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाले, "गफलत कोणाची? चावी एका घरातसून दुसऱ्या घरात गेली. मधे हात घालणारो मी कोण?"

पुणेकरांचा बयाणा त्याच दिवशी परत गेला. त्यांनी शेटना जे जे म्हटलं ते ऐकायला शेट थांबले नाहीत. ते चालत चौकापर्यंत गेले होते. काळी काकूंची झाली. काकूंनी तिच्यात आपला गणपती बसवला. शेट चारचौघांत कुरकुरायचे, "बायलेन माझो सौदो मोडल्यान." पण दर रविवारी सकाळी काळी गोदामातून लालबागला काकूंना घ्यायला यायची, माहीमला जायची, मासळी घेऊन यायची. ज्या माणसाने नुसत्या कुबट वासावरून चांगल्या चांगल्या गाड्या नाकारल्या, त्याच्या स्वतःच्या गाडीला कायम बांगड्याचा वास. त्याबद्दल इस्माईलने एकदा तोंड उघडलं. "तुका कोणी नाक लावूक सांगल्यान?" शेट म्हणाले.

शेवटच्या आजारात त्यांना झोपवून ठेवावं लागलं, ते त्यांना काही केल्या पटलं नाही. भेटायला गेलं की पहिला प्रश्न, "माझी चप्पल खंय?" नर्सने ती कपाटात ठेवली होती. मी काढून पलंगाखाली, त्यांना दिसेल अशी ठेवली. त्या दिवशी जरा शांत होते. म्हणाले, "काळी काढूची लागतली. हिका गाडी चालवूक येणा नाय, गोदाम ऱ्हवणा नाय. पण फेरी झाल्याबिगर नाय हां, यादीबाय." मी लिहून घेतलं. ते गेल्यावर इस्माईलने बादली आणून शेट जिथे उभे राहायचे तिथे ठेवली.

डॉक्टर मी शोधून आणले. चालून झालं, चुंबक फिरवून झालं, माणूस बरा निघाला. कागद तयार झाले. पण फेरीला काकू येईनात. एका रविवारी गुडघा. एका रविवारी गावाहून पाहुणे. एका रविवारी आल्या, गाडी पुसली, पुढच्या काचेवर हात फिरवला आणि "आज नको गो" म्हणून परत गेल्या. गोदामाच्या मालकाचा माणूस येऊन भिंती मोजून गेला. माझी रात्रीची झोप उडाली. ज्या कामाला अर्धं मिनिट लागतं ते इतके आठवडे अडलेलं मला सहन होत नव्हतं.

अठराला त्या आल्या. नवी साडी, हातात पिशवी. सरळ पुढे बसल्या. इस्माईल स्टिअरिंगवर, मागे मधोमध डॉक्टर, त्यांच्या शेजारी मी. लालबागवरून माहीम. इस्माईलने बाजारासमोर सवयीने गाडी हळू केली. काकूंनी उतरून बांगडे घेतले, भाव केला, परत बसल्या. डॉक्टरांनी खिडकीची काच थोडी खाली केली. गोदामात परत आलो तेव्हा काकूंनी डॅशबोर्डवरचा गणपती अलगद सोडवला, रुमालात बांधून पिशवीत ठेवला. तिथे डिंकाचा गोल डाग राहिला. इस्माईलने इंजिन बंद करून चावी त्यांना दिली. सगळे उतरलो. डॉक्टरांनी हात पुढे केला.

काकूंनी चावी माझ्या हातात ठेवली.

"काकू, डॉक्टर इकडे आहेत," मी म्हणाले.

"माका डोळे आसत."

"अहो पण..."

"तुझी निळी ह्येंनी इकली, ता ह्येंच्या मनातसून कधी जाऊक नाय. तुका चालवूक येता. धर."

"अहो मावशी, मी घरी सांगून आलोय!" डॉक्टर म्हणाले. "बायको आरती घेऊन उभी आहे खाली!"

"तिका घेऊन ये एक दिवस. ही फिरवतली दोघांक," काकू म्हणाल्या आणि बांगड्यांची पिशवी उचलून चालू लागल्या.

इस्माईल बादलीकडे बघून हसत होता. "गया सौदा. एकदम सेठ के माफिक."

मी काकूंच्या मागे धावले नाही. धावून काय सांगणार होते? चावी घरातून घरात गेली होती, आणि मधे हात घालणारं तिथे कुणी नव्हतं.

झालेली कामं: डॉक्टरांचा बयाणा परत, आणि त्यांच्यासाठी दुसरी गाडी बघण्याचा शब्द. कागद काकूंच्या नावावरून माझ्या नावावर करण्याचा अर्ज. आमच्या निळीतला गणपती इतकी वर्षं कपाटात होता, तो काळीत, त्याच डिंकाच्या डागावर बसवला. डाग पूर्ण झाकला गेला. मी राहते ती परळची चाळ. खाली स्कूटर लावायला भांडणं होतात. हॉस्पिटल सुटलं की पर्समध्ये चावी घेऊन मी गल्ल्या बघत हिंडते, भोईवाड्यापासून शिवडीपर्यंत, कुठे एका गाडीपुरती आडोशाची जागा मिळते का ते. टपरीवर चहा घेते, तोही उभ्यानेच. गोदामाच्या भिंतीवर पाडणारे पांढऱ्या खुणा करून गेलेत.

काळीसाठी जागा: बाकी.