खिडकी बंद, मागचा चालू

दोन हजार चोवीस साल होतं आणि मला बाहत्तरावं लागलं होतं. चौथी शिकलेल्या माणसानं या वयापर्यंत जेवढं जग पाहायचं तेवढं मी पाहिलं आहे, आणि छातीवर हात ठेवून सांगतो, माझ्या इवायासारखा, म्हणजे माझ्या लेकीच्या सासऱ्यासारखा, माणूस आमच्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. या माणसाला कोणतीही वस्तू बंद केलेली सहनच होत नाही. जन्मभर टेलिफोनच्या एक्सचेंजात नोकरी. तिथं म्हणे यंत्र कधी थांबू द्यायचं नसतं. नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही. सिंदीच्या त्यांच्या घरी सकाळी चढवलेला चहा दिवे लागेपर्यंत मंद आचेवर उकळत असतो. पाहुणा फाटकात दिसला की कप पुढं. तो चहा मी एकदा प्यायलो. तोंडाची चव पोळ्यापर्यंत परत आली नाही. बाजाराला जायचं ठरलं की आधी स्कूटर सुरू करून फाटकात उभी करतात आणि मग दाढी करायला बसतात. दुपारी झोपतात तेही पॅन्ट-शर्ट घालून, खिशात रुमाल ठेवून. मी विचारलं, "काऊन जी इवाईबुवा, यमराजाची वाट पाहून राह्यले का?" तर म्हणाले, "चालू करायले जो येळ लागते तो वाया जाते जी. चालू असलेल्याले काय, नुसती हाक मारा."

मी नेमका उलटा. खोलीतून पाय बाहेर पडायच्या आधी माझं बोट बटनावर असतं. माझ्या घरात रिकाम्या खोलीत पंखा फिरताना कोणी दाखवावा.

त्या उन्हाळ्यात इवायांचा मोतीबिंदू काढला आणि लेकीनं पुण्याहून फोन करून सांगितलं, माझ्या सासऱ्यांना आठवडाभर आपल्या घरी वडनेरलाच ठेवून घ्या. फोन लेकीनं केला, कारण जावई बापाशी बोलत नव्हता. पोरगा म्हणे पुण्याला या, बाप म्हणे सिंदी सोडत नाही. त्यावरून दिवाळीत दोघांचं वाजलं ते वाजलंच. लेक बिचारी मधे रडत बसायची. दोघंही हट्टी. असल्या हट्टी माणसांशी माझं जमत नाही.

इवाई आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी आणि काखेत लॅपटॉप. डॉक्टरांनी पडदा पाहायला सक्त मनाई केलेली, तरी तो चालू! त्यात एक काळी खिडकी आणि खिडकीत एक पांढरा चौकोन लुकलुकत बसलेला. ना चित्र, ना गाणं. मी कोपऱ्यातली फुली दाबली. तेवढं मला येतं. खिडकी गेली. इवायांनी चाचपडत दोन बटनं दाबली आणि माझी पापणी लवायच्या आत खिडकी पुन्हा हजर! मी फुली दाबावी, त्यांनी बटनं दाबावी. माझ्या तोंडाचा आ मिटेना.

"हे येते तरी कुठून जी?"

"हे टर्मिनल हाय, कम्प्युटरले लिहून हुकूम द्याची खिडकी. तुमी नुसती खिडकी बंद करून राह्यले. मागं एक प्रोग्राम चालूच हाय. डीमन म्हनतात त्याले. दिसत नाई, पन तयार बसून राह्यते. खिडकी मागितली का पोटातून काढून देते."

"आन त्यालेच बंद केलं तं?"

"मंग साऱ्या खिडक्या एकदम गेल्या. साऱ्या त्याच्याच पोटातल्या."

माझ्या अंगावर काटा आला. माझ्या घरात, मी बंद केल्यावरही, मला न दिसता काहीतरी चालू राहतं! हे मी कसं खपवून घ्यावं? वरून डॉक्टरचा हुकूमही माझ्याच बाजूला होता. दुपारी इवाई डोळ्यात औषध घालून आडवे झाले तेव्हा मी लॅपटॉपचं मोठं बटन दाबलं आणि दाबूनच धरलं. पडदा विझला. आतली घरघरही थांबली.

"इवाईबुवा," मी म्हणालो, "तुमचा मागचा बी गेला."

मला वाटलं हसतील. ते ताडकन उठून बसले, चेहरा पांढरा पडलेला.

"आनखी एक खिडकी होती जी. पडद्याच्या दुसऱ्या पानावर. ती म्या कधीच बंद नोती केली."

"कोनाची?"

"पोराची. त्याच्या पुन्याच्या कम्प्युटरले जोडलेली. तो काई लिहत नाई, मी बी नाई. पन इकडची उघडी हाय, हे त्याले तिकडं दिसते. आता तो म्हनन, बापानं दार लावलं."

मी थिजलो. दिवाळीपासून बाप-लेकात एक शब्द नाही आणि हा असा उघड्या खिडकीचा संसार! आणि दार लावलं ते मी. मी आपला उठून चहा चढवला. गॅसवरचा चहा उतरला नव्हता तोच माझा फोन वाजला. जावई.

"मामाजी, बाबा बरे हायेत ना? त्याइची खिडकी गेली! खरं सांगा मले!"

असा आवाज मी जावयाचा कधी ऐकला नव्हता. मी फोन इवायांच्या कानाला लावला.

"बाबा?"

इवायांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "म्या नाई बंद केली रे. तुह्या सासऱ्यानं केली."

तिकडून हसू की रडू कळेना असं काहीतरी ऐकू आलं. "उघडा न मंग," जावई म्हणाला. "मी इथंच बसलो हाय."

हिरव्या पट्टीखालून पाणी ओघळलं. डोळ्यातलं औषध असेल. मी माझी चूक झाली असं आजही म्हणत नाही. बंद केलं म्हणूनच तर फोन आला. पण संध्याकाळी इवाई बोटांनी चाचपडत ती काळी खिडकी पुन्हा उघडत होते, तेव्हा मी जवळ उभा होतो आणि फुलीकडं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वांगी तोडायला वावरात निघालो. इवाई झोपले होते, पॅन्ट-शर्ट घालून. काळ्या खिडकीत तो चौकोन आपला लुकलुकत होता. सवयीनं माझं बोट भिंतीवरच्या बटनावर गेलं. मी बोट काढून घेतलं, चार्जरची पिन जरा आत दाबून बसवली, आणि बटन चालू ठेवून घराबाहेर पडलो.