पहिली सही माझी

आमच्या रुग्णालयात मेट्रनचं पद कधी भरलंच गेलं नाही. जंगलातल्या जिल्ह्यात यायला कोण बसलंय? म्हणून आमच्यातल्याच ज्येष्ठ सिस्टरकडे प्रभार असायचा, आणि तीन वर्षांनी तो पुढच्या ज्येष्ठ सिस्टरकडे द्यायचा असा नियम होता. नियम चांगला होता. आम्हीच त्याचा गळा दाबला.

तीन वर्षं भरत आली की प्रभारावरच्या सिस्टर, म्हणजे आमच्या मेट्रनबाई, एक अर्ज फिरवायच्या. ‘बाई अनुभवी आहेत, त्यांनाच राहू द्यावे, ही सर्व परिचारिकांची विनंती.’ खाली आमच्या सह्या. ड्यूटीचा तक्ता बाईंच्या हातात, जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंच्याला, कोणाला पाठवायचं तेही त्याच ठरवणार. सही न करून जाता कुठे?

पहिल्यांदा मी मुकाट्याने सही केली. दुसऱ्यांदा अर्ज आला तेव्हा बाईंच्या मागोमाग माझाच नंबर होता आणि माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. आता हुकलं की कायमचं हुकलं. मला ती खुर्ची हवी होती, खोटं कशाला बोलू? सिरोंच्याची पाळी सगळ्यांना सारखी येईल असा तक्ताही मी वहीत करून ठेवला होता.

बाईंनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला.

"करा न बाई पयली सही. तुमची पाहून बाकीच्या करतात. मले काई खुर्चीचा सोस नाई. आन् आई कशी आहे तुमची? सिरोंच्याहून सिंदेवाही लय दूर पडते न?"

आई सिंदेवाहीला अंथरुणाला खिळलेली होती. मी सही केली. चांगली वळणदार केली. बाहेर येऊन मात्र स्वतःचाच इतका संताप आला, की आयाबाईला उगाच झापलं.

आई चार महिन्यांत गेली. बाई राहिल्या.

माझ्या निरोप समारंभात शाल त्यांनीच मला पांघरवली. "या बाईचं मन मोठं," माइकवर म्हणाल्या, "सोताचा नंबर असून मले राहू देल्लं. पयली सही यांचीच होती."

माझ्यानंतर नंबर असलेली सिस्टर बाईंकडे बघत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. तिला द्यायला आणलेली तक्त्याची वही मी पर्समधून काढलीच नाही.