नावापुरता फ्लॅट

धंदा बुडायला लागला तेव्हा नवऱ्याला माझ्याबद्दल अचानक प्रेम दाटून आलं. आम्ही सुट्टीवर नाशिकला गेलो होतो. त्याने मला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं आणि त्याच्या नावावरचा फ्लॅट मला बक्षीसपत्राने देऊन टाकला. कागदावर कारण होतं, 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी'. जिना उतरताना म्हणाला, "नावापुरतं आहे हं. उद्या वसुलीवाले आले तर निदान घर तरी वाचेल." मी मान डोलावली. निम्म्याहून जास्त हप्ते माझ्या कुवेतच्या हॉस्पिटलमधल्या पगारातून गेले होते, तरी मीच मान डोलावली.

कुवेतला परत आल्यावर त्याच्या गाडीच्या कप्प्यात एक पावती सापडली. खैरानला समुद्रावर शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घेतलेलं, दोघांसाठी, दोन रात्री. तारीख बक्षीसपत्राच्या आठवडाभर आधीची. त्या दोन रात्री मी ड्युटीवर होते. त्या दिवसापासून तो माणूस माझ्या मनातून उतरला तो उतरलाच.

पुढे त्याची कुवेतमधली इंटिरियरची कंपनी बंद पडली. कोकणातले सुतार त्याच्याकडे कामाला होते. त्यांचे चार महिन्यांचे पगार थकवून त्याने हात वर केले. "माझ्याकडे फुटकी कवडी नाही," असं त्यांना सांगितलं. आणि मी घटस्फोट मागितल्यावर मला मेसेज पाठवला की कागदावर सही देतो, पण फ्लॅट अर्धा माझा.

भेटायला त्याने बनेद अल-गारचं समुद्राजवळचं कॉफी शॉप सुचवलं. मी म्हटलं, नको, फरवानियाला ये, शुक्रवारी दुपारी, तिथल्या मालवणी खानावळीत. ते सुतार दर शुक्रवारी तिथे जेवतात हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असायला हवं होतं, पण आपली माणसं कुठे जेवतात हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

आत येऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला. शेजारच्या टेबलावर त्यांतले दोघे सुतार सुरमईचं ताट जेवत होते. ते त्याला दिसलेच नाहीत. त्याने हळू आवाजात हिशेब मांडायला सुरुवात केली. मी म्हटलं, "नीट ऐकू येत नाही. मोठ्याने बोल."

"नाशिकचा फ्लॅट माझा आहे," तो चिडून म्हणाला. "तुझ्या नावावर मी फक्त ठेवला होता."

शेजारचे हात थांबले. त्यांतला वयाने मोठा सुतार उठून आमच्या टेबलाशी आला. आवाजात राग नव्हता. "सायबानु, नाशकात तुमचा घर आसा?"

नवरा पांढराफटक पडला. मी बॅगेतून बक्षीसपत्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. आयुष्यात इतकं सुख मला कशातच मिळालं नव्हतं, खोटं कशाला सांगू?

"नाही रे," तो शेवटी म्हणाला. "माझं कुठलं? हिचं आहे ते."

"पूर्ण?" मी विचारलं.

"पूर्ण."

त्याच टेबलावर त्याने घटस्फोटाच्या कागदांवर सही केली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. मी जिंकले होते. चार महिन्यांचा पगार थकलेला तो सुतार मात्र अजून तिथेच उभा होता, आणि आता तो माझ्याकडे बघत होता.