पेन्सिलीची खूण

“अहो, ठेवा ते अंडं खाली!” बायको स्वयंपाकघरातून ओरडत होती. मी शेजाऱ्यांना सांगत होतो, “या अंड्यांची आई म्हणजे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

परसात सापडलेली धामणीची नऊ अंडी सर्पमित्राने ओल्या मातीच्या डब्यात मांडून, प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करून माझ्याकडे सांभाळायला दिली होती. अंडं उलटलं तर आतलं पिल्लू मरतं, हेही बजावलं होतं. तरी मी आल्यागेल्याला ती फिरवून फिरवून दाखवली. कवचातल्या जिवाला फक्त एकटं सोडायचं असतं. मला तर श्रोत्याशिवाय चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

नऊच्या नऊ नासली. सर्पमित्रासमोर मान वर होईना. सगळं कबूल केलं.

तो म्हणाला, “पुढच्या वेळी वहिनींकडे देईन.”