मोठ्याने वाचलेला रस्ता

त्या दिवशी बाबांनी मला मोशीच्या थांब्यावर पाहिलं आणि गाडी न थांबवता ते पुढे निघून गेले.

बाबा चाकणच्या एका कंपनीतल्या कामगारांची बस चालवायचे. बस ठेकेदाराची, कामगार कंपनीचे, आणि बाबा मात्र दोघांच्याही कागदावर धड कुठेच नाहीत. त्याच कंपनीत मी तपासणी विभागात आहे. ते पहाटे चिंचवड स्टेशनपासून माणसं घेत येत, मी मोशीला चढे. त्या दिवशी बसचे दिवे अंगावर आले, आमची नजरानजर झाली, मी सवयीने पाऊल उचललं, आणि बस तशीच पुढे गेली. आतून कुणीतरी ओरडलं असावं, कारण बऱ्याच अंतरावर ती थांबली. आम्ही थांब्यावरचे सगळे पळत सुटलो.

"काय हो काका, पोरीलाच विसरला की!" मागून एक जण म्हणाला. गाडीभर हशा पिकला. बाबाही हसले.

मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. उघड्या डोळ्यांनी ज्याला समोरची मुलगी दिसत नाही, त्याला मध्येच वळलेला कंटेनर दिसेल का? पुढे इंद्रायणीचा पूल होता. तो ओलांडेपर्यंत मी समोरच्या आडव्या दांड्यावरचा हात काढला नाही. माझ्यामागे चाळीसेक माणसं डुलक्या घेत होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर विचारलं, "झोप लागली होती का?"

"न्हाई गं. डोळं उघडंच व्हतं. डोकं कुठं गेलं व्हतं, ठावं न्हाई."

झोप लागली होती म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांचा दिवस असा होता. पहाटे पहिली पाळी चाकणला सोडायची, मग दोन शाळांच्या फेऱ्या, दुपारी दुसरी पाळी नेऊन पहिली परत आणायची आणि एक दिवसाआड दुसरी पाळी सुटली की रात्री तीही आणायची. मधल्या वेळात जमेल तशी तुकड्यातुकड्यांची झोप. याला ठेकेदाराच्या भाषेत 'ॲडजस्टमेंट' म्हणतात.

मी पत्रकांवर वाढले आहे. पिंपरीतला कारखाना चालू होता तेव्हा बाबा युनियनचं काम करायचे. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे मी जुळवून वाचलेले पहिले शब्द. कारखाना बंद पडला, बाबांनी अवजड वाहनाचा परवाना काढला आणि युनियन हा शब्द घरातून हळूहळू निघून गेला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही. त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले आणि वर लिहिलं, 'झोपेची चोरी थांबवा!'

आईने वाचलं. "चांगलं हाय," ती म्हणाली. "पर हे छापून ठेकेदाराला लाज वाटंस्तवर उद्याची गाडी कोण चालवणार हाय?"

उद्याची गाडी बाबाच चालवणार होते. आणि तिच्यात मी बसणार होते.

मग आम्ही दोघींनी घर बदलायला घेतलं. खिडकीला जुनी गोधडी लावली, दुपारी खोलीत अंधार झाला. बेलची वायर काढली. ते झोपलेले असताना कुकर लावायचा नाही असं ठरलं. बाबा पडल्या पडल्या मोबाइलवर कुस्त्या बघायचे, तो मोबाइल स्वयंपाकघरात गेला. गाडीवर बसण्याआधी भाताचं ताट बंद, भाकरी आणि भाजी. गाडीत पाण्याची मोठी बाटली, तंबाखूच्या जागी भाजलेले चणे. "म्हातारपणी बोर्डिंगात घातलंय मला," बाबा शेजाऱ्यांना सांगत, पण ऐकत.

त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या सुपरवायझरने चालकांच्या ग्रुपवर संदेश टाकला. भरपूर पाणी प्या, वेळेवर झोपा, मोबाइल टाळा, मन एकाग्र ठेवा. खाली हात जोडलेलं चित्र. आणि त्याखाली दुसऱ्या दिवसाच्या वाढीव फेऱ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट हे, की त्याने सांगितलेलं आणि मी घरात केलेलं जवळजवळ सारखंच होतं. वेळेवर झोपा असं तो सांगत होता आणि ती वेळ त्याच्याच हातात होती. पण पाण्याची बाटली मी रोज भरतच राहिले. तत्त्वासाठी ती रिकामी ठेवण्याची माझी हिंमत नव्हती.

एक गोष्ट मात्र बाबांची स्वतःची. कारखान्यात मोठ्या मशीनवर दोघे असले की एक जण बटण दाबण्याआधी मोठ्याने सांगायचा, हात बाहेर, जाळी खाली. तसं ते रस्ता बोलायला लागले. "ट्रक, डावीकडं. बाई रस्ता वलांडतीय. सिग्नल, पिवळा." पहिल्या दिवशी गाडीत खसखस पिकली.

"काका, कॉमेंट्री हिंदीत पण द्या की, बिहारवाले बसलेत मागं!"

"तू झोप रे, तुज्यासाठी न्हाई ती," बाबा म्हणाले. "दुचाकी, दोघं, हेल्मेट न्हाई."

फरक पडला. थांबे चुकेनासे झाले. पण माझी भीती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. आता मी रस्त्याकडे बघत नव्हते, बाबांचा आवाज ऐकत होते. दोन शब्दांमध्ये जरा अंतर पडलं की मी आरशात त्यांचे डोळे शोधायचे.

मग एक चालक आजारी पडला आणि त्याच्याही फेऱ्या बाबांवर आल्या. "दोनच दिवस, काढा तेवढे," सुपरवायझर म्हणाला. दोनाचे चार झाले. गोधडीमागचा अंधार रिकामाच राहिला.

पाचव्या पहाटे मोशी सोडल्यावर बाबा म्हणाले, "टेंपो, म्होरं." मग काहीच नाही. मी वाट पाहिली. आरशात त्यांचे डोळे उघडे होते. समोर एका ट्रकचे लाल दिवे मोठे होत होते, आणि बाबा त्यांच्याकडे शांतपणे बघत होते.

"बाबा!"

ब्रेक लागला. डबे, पिशव्या, माणसं सगळं पुढे आलं. ट्रकच्या मागच्या फळीवरची धूळसुद्धा दिसेल इतक्या जवळ आम्ही थांबलो होतो.

कुणी काही बोलायच्या आत बाबांनी गाडी हळूहळू कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले आणि उठून सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

"माजं लक्ष ठिकाणावर न्हाई. मी आत्ता गाडी चालवणार न्हाई. जरा वेळ डोळं मिटतो. ज्याला घाई हाय त्यानं दुसरं वाहन बघावं."

"अहो काका, लेट मार्क लागतो! अर्धा दिवस जाईल!"

"कडक चहा मारा की राव, झोपताय काय!"

"इकडं द्या, मी चालवतो."

"गप रे, तुला स्कूटी तरी येते का धड?"

पॅकिंगमधली एक ताई मधल्या सीटवरून उठली. तिचं कपाळ दांड्यावर आपटलं होतं, ती ते चोळत होती. "अर्धा दिवस जाऊ दे. माझी दोन पोरं घरी आहेत. झोपू द्या त्यांना."

काही जण शिव्या देत उतरले आणि रिक्षाला हात करू लागले. बाबांनी परत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि लगेच त्यांचा श्वास लांब झाला. मी बाजूला उभी राहिले. गाडी उभी होती, आपटणार नव्हती, तरी मला घाम फुटला होता. आता घरात काय होणार, ते मला कळत होतं.

झालंही तेच. "झोपायला गाडी देतो काय आम्ही?" एवढं ऐकवून सुपरवायझरने त्यांना त्या मार्गावरून काढलं. बाबा आता फक्त शाळेची एक फेरी करतात. घरात ओढाताण आहे, पण रस्ता बोलताना त्यांचा आवाज आता मध्येच तुटत नाही. मी पत्रक पूर्ण केलं आणि गेटवर वाटलं. त्या दिवशी अर्धा दिवस गेलेल्यांपैकी बहुतेकांनी ते न वाचता खिशात घातलं.

आमच्या बसवर आता माझ्याच वयाचा एक चालक आहे. काल सकाळी तो थांब्याच्या बराच पुढे जाऊन थांबला. मी चढले, बसले नाही.

"भाऊ, रात्री झोप झाली का?"

"का हो ताई, स्थळ बघताय काय?"

गाडी हसली. मी तशीच उभी. त्याने आरशात माझा चेहरा पाहिला, तेव्हा त्याचं हसू विरलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "कालपासून गाडीतच आहे."

"मग पुलाच्या आधी बाजूला घ्या."

"ओ ताई, परत नका सुरू करू!" मागून ओरड झाली. "बसा खाली!"

मी समोरचा आडवा दांडा सोडला नाही. पूल जवळ येत होता. पॅकिंगमधली ताई उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघीही बसलो नाही.