चिखलातली ताई-ची

उत्रोलीच्या धोंडाबाई गेल्या पावसाळ्यात बांधावरून घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. हाड दीडेक महिन्यात जुळलं, पण मुलगा हणमंत काही जुळवून घेईना. "आये, यंदा लावणीला उतरायचं न्हाई. बांधावर बसून च्या कर," असं त्यानं उन्हाळ्यातच बजावून टाकलं.

बांधावरचा चहा म्हणजे धोंडाबाईंना शिक्षाच वाटली. उत्रोलीत भाताची लावणी सावडीनं होते. आज एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या, आणि सगळ्या बायका एका रांगेत वाकून मागं मागं सरकत रोपं खोचतात. त्या रांगेत सखूबाईच्या शेजारी धोंडाबाईंची जागा, लग्न होऊन आल्यापासूनची. ती गेली तर गावात आपण फक्त कुणाची तरी आजी म्हणून उरणार, या भीतीनं त्यांना घास गोड लागेना.

भोरच्या डॉक्टरांनी तोल सुधारायला ताई-ची सुचवली. हा चिनी व्यायाम भोरात नलूताई शिकवायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, पुण्याला जाऊन शिकून आलेल्या आणि आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सकाळी वर्ग घेणाऱ्या. धोंडाबाई वडापच्या जीपनं जायच्या आणि नऊवारीचा पदर खोचून पहिल्या ओळीत उभ्या राहायच्या. लाजणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"गाण्यात घराणी असतात ना, तशी यातही आहेत," नलूताई सांगायच्या. "आपला हा छोटा संच यांगचा. मोठी, मोकळी हालचाल आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच संथ लय. सुन घराण्यात पावलं लहान, मागचा पाय लगेच पुढच्याजवळ येतो. चेनवाले संथ जाता जाता मध्येच हात झटकतात. ते आपल्याला नको." नको म्हणत त्यांनी एकदा करूनही दाखवलं. हात असा काही सुटला, की स्कूटरखालचं मांजर पळालं.

धोंडाबाईंना सगळं जमलं, एक सोडून. पाची बोटं जुळवून हात संथपणे बाजूला न्यायचा, तिथं त्या खाली वाकून बोटं खुपसायच्या. "धोंडाबाई, इथं फरशी आहे," नलूताई म्हणायच्या. वर्ग हसायचा आणि धोंडाबाई सगळ्यांत जास्त हसायच्या.

जुलैत त्यांच्याच खाचरात लावणी निघाली. हणमंत रोपं आणायला गेलाय असं बघून धोंडाबाई गुपचूप चिखलात उतरल्या. वजन आधी एका पायावर, मग दुसरा पाय मोकळा, ही शिकवलेली चाल त्यांनी धरली आणि पाय टिकले. घोटाळा केला तो हातांनी. तेही यांगच्याच लयीत निघाले, अगदी शांत आणि ऐसपैस. बघता बघता रांग सरकत निम्मं खाचर पार करून गेली आणि धोंडाबाई होत्या तिथंच.

"धोंडाबाय, झोप लागली का?" सखूबाईनं हाळी दिली. "आमी बांधाला टेकत आलो की गं."

बायका खिदळल्या. धोंडाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण पडलो असतो तर लोकांनी हळहळ तरी केली असती, पण धड उभं असून रांग सुटावी हे त्यांना सहन होईना. मग त्यांनी नलूताईंना मनातल्या मनात नमस्कार केला, पाय यांगकडे ठेवले आणि हात चेनच्या स्वाधीन केले. पाय सावकाश, हात झटक्यात. दोन घराण्यांची अशी खिचडी पाहून नलूताईंनी कपाळावर हात मारला असता, पण रांग बांधाला टेकायच्या आत धोंडाबाईंनी ती गाठली.

तेवढ्यात रोपांच्या जुड्या घेऊन हणमंत आला. आईला पाहून थबकला. बांधावरून त्यानं एकेकीच्या पुढ्यात जुडी फेकली. शेवटची मात्र घेऊन तो चिखलात उतरला आणि आजाऱ्याला औषध द्यावं तशी त्यानं ती आईच्या हातात ठेवली.

"सखूला कशी दिलीस?" धोंडाबाईंनी विचारलं.

"फेकली."

"मग मला हातात कशापायी? माघारी जा आन् फेक."

 हणमंत जुडी घेऊन बांधावर गेला आणि तिथून त्यानं ती फेकली. जुडी थप्पकन पुढ्यात पडली, कपाळापासून हनुवटीपर्यंत चिखल उडाला. धोंडाबाईंनी तोंडसुद्धा पुसलं नाही. जुडीची गाठ सोडली आणि वाकल्या. इतका आनंद त्यांना नातू झाला तेव्हाही झाला नव्हता, पण हे त्या कुणाला सांगायच्या नाहीत.