शमीमचा गुडघा आणि माझं इंग्रजी

अन्वी, ईशान, जुन्नरहून शमीमच्या सुनेचा फोन आला त्याला आता पाच आठवडे झाले. "बाई, अम्मी गेल्या... हार्ट," एवढंच ती बोलली. तुम्ही सुट्टीत माझ्याकडे कळंबला आलात की दुसऱ्याच दिवशी दारात बांगड्यांची पेटी टेकवून "पावणं आलं वाटतं!" म्हणणारी शमीम तुम्हाला आठवत असेल. लग्नघरात जमिनीवर मांडी घालून, नवरीचा हात मांडीवर घेऊन चुडा भरायचा, हा तिचा धंदा.

चार वर्षांपूर्वी निरगुडसरच्या फाट्यावर एका कारनं तिला उडवलं. गुडघ्याचा चुरा झाला. भरपाईचा दावा लागला आणि काही महिन्यांनी त्या कारच्या विमा कंपनीचा तडजोडीचा कागद आला, एकरकमी पैसे घेऊन दावा मिटवायचा, इंग्रजीत. वकील म्हणत होता, घाई नको, गुडघा पुरता बरा होऊ द्या. शमीम कागद घेऊन माझ्याकडे आली. जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई ओळखीची असताना ती दुसऱ्या कुणाकडे कशाला जाईल?

मी चष्मा लावून सगळा वाचला. शेवटी लिहिलं होतं की, या दुखापतीपायी पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागली तरी कंपनीकडे काही मागता येणार नाही. मला ते नीट कळलं. पण तिची फाईल मीच तारखांप्रमाणे लावून सांभाळत होते आणि ती एकदाची बंद व्हावी असं मला झालं होतं. अर्धवट काम मला सहन होत नाही, हे तुम्ही जाणताच.

"ह्ये शेवटी काय लिवलंय?"

"नेहमीची भाषा आहे. सगळ्या कागदांत असते."

"मग करू सही? वकील तर थांब म्हनतोय."

"वकिलांना लांबवायचंच असतं," मी म्हणाले. तिनं सही केली.

वर्षाच्या आत गुडघा आखडला. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं आणि कंपनीनं तोच शेवटचा परिच्छेद दाखवला. मी मदत देऊ केली, ती तिनं हसून उडवून लावली. खाली बसता येईना, तशी लग्नघरांची बोलावणी थांबली. "खुर्चीवर बसून चुडा भरत्यात व्हय?" असं एका वरमाईनं तिला तोंडावर विचारलं.

शेवटची आली ती संक्रांतीच्या सुमारास. मी तिला खुर्ची दिली आणि स्वतः फरशीवर बसले. "अगं बया! तुमी खाली आन् मी वर? दुनियाच उलटी केली की, बाई!" ती खळखळून हसली. मग माझी बोटं दाबून बांगडी चढवता चढवता, मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी कागद पुरा वाचला व्हता ना तुमी?"

"हो."

कळलाही होता, हे पुढचं तिथंच सांगता आलं असतं... तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी बांगडी घेतली.

आता हे लिहिताना त्या बांगड्या कागदाला लागून वाजताहेत. एकही सैल नाही, एकही रुतत नाही. तिनं तिचं काम नीट केलं होतं.